व्याह्यांना ग्लासभर एस्प्रेसो

आमच्या होणाऱ्या व्याह्यांना मी विष दिलेलं नाही. कॉफी दिली होती.

हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण त्यांच्याकडच्या अंबाडी गावच्या बाजारात या प्रकाराच्या निरनिराळ्या आवृत्त्या ऐकू येतात. एका आवृत्तीत मी पाहुण्यांना धोतऱ्याचं पाणी पाजलं. दुसरीत पाहुणे आमच्या कौलांवर चढून बसले. (आमच्या घराला कौलं नाहीत, स्लॅब आहे!) तेव्हा खरं काय झालं ते माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. खरंही काही फार भूषणावह नाही, पण निदान त्यात कोणी छपरावर चढत नाही.

आम्ही शेलार गावचे. भिवंडीत आमचा लूमचा लहानसा कारखाना आहे. घरात पिढ्यान्‌पिढ्या चहा. चहा म्हणजे भरपूर दूध, त्याहून भरपूर साखर, ठेचलेलं आलं आणि उकळून उकळून आलेला विटकरी रंग. कॉफी आमच्याकडे पेय नव्हतं, औषध होतं. त्यातही काळी कॉफी निघायची ती कोणाला जुलाब लागले तर, वर लिंबू पिळून. त्यामुळे आमचा निखिल एका संध्याकाळी मोठं खोकं घेऊन आला आणि त्यातून चकचकीत यंत्र काढून ओट्यावर ठेवलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी जो प्रश्न विचारला तो रास्तच होता.

"ही काय नवीन इस्त्री?" सुनंदा म्हणाली.

"कॉफीचं मशीन आहे, आई. एस्प्रेसो. काळी कॉफी."

"का? कोणाचं पोट बिघडलंय?"

"कोणाचं नाही गं! मानसीला लागते. रोज सकाळी. उद्या ती या घरात आली तर तिची अडचण नको."

"मानसी कोण?"

निखिल खोकं आवरायला लागला. आमच्या घरात सून येणार, ही बातमी अशी मशीनच्या आडून आली. सुनंदा खुर्चीवर बसली आणि तिने प्रश्नांची फैर झाडली. मुलगी कुठली, करते काय, घरचे कोण? मुलगी अंबाडीच्या बाजूची, ठाण्यात निखिलच्याच ऑफिसात कामाला, वडील शेतकरी. बाप म्हणून मीही काहीतरी विचारणं भाग होतं. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"हे मशीन," मी म्हणालो, "दाब किती मारतं रे?"

काय करणार! जन्म लूमच्या खडखडाटात गेला. कुठलंही यंत्र दिसलं की त्याच्या पोटात काय चाललंय ते कळल्याशिवाय मला जेवण जात नाही. सून काय, येणारच होती. मशीन आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी निखिल कामावर गेल्यावर मी अभ्यासाला लागलो. कॉफीच्या बिया होत्या, त्या दळायच्या होत्या. निखिलने हाताने फिरवायची छोटी चक्की आणली होती, पण घरात मिक्सर असताना माणूस हात कशाला दुखवून घेईल? मिक्सरमध्ये आदल्या दिवशी सुनंदाने मटणाचं वाटण केलेलं होतं. भांडं धुतलेलं होतं, पण आमचा मसाला धुतल्याने जात नाही. त्यातून निघालेली पूड दांडीवाल्या गाळणीत भरली, दट्ट्याने दाबली, बटण दाबलं. मशीन घुं घुं करून थरथरायला लागलं. थेंब म्हणून येईना. पूड इतकी पिठासारखी झाली होती की पाण्याला वाटच नव्हती. शेवटी चार काळे थेंब पडले. मी ते चाखले. सुकं मटण करपलं तर जशी चव येईल तशी चव होती.

दुसऱ्या वेळी जाड भरड केली. पाणी नळासारखं भसाभसा आलं आणि चवीला भांडी विसळल्यासारखं लागलं. तिसऱ्या वेळी दळण बरोबर जमलं. मग मी कप खाली ठेवला आणि तो काठोकाठ भरेपर्यंत बटण बंदच केलं नाही. एक घोट घेतला आणि माझे दोन्ही कान आपोआप मागे गेले.

"काय हो, कडुनिंब हाय का त्यात?" सुनंदाने दारातून विचारलं.

संध्याकाळी निखिलने माझी शिकवणी घेतली. एरवी बापाला काही सांगायला गेला की त्याचा आवाज चढतो, पण त्या दिवशी तो अगदी शांतपणे बोलत होता. (मानसीचा परिणाम!)

"बाबा, ही भरपूर काढायचीच नसते. अर्धा मिनिट, बस. आधी आंबटपणा उतरतो, मग गोडवा, मग कडवटपणा. गोडवा आला की थांबायचं. तुम्ही पुढचं सगळं कडू पिळून काढलंत."

त्याने स्वतः काढून दाखवली. उंदराच्या शेपटीसारखी बारीक धार, मधासारखी संथ. कपात तळाशी दोन घोट आणि वर बदामी रंगाची साय.

"ही साय कशाची? दूध तर घातलं नाहीस."

"साय नाही, क्रेमा. कॉफीतलं तेल आणि हवा. दाबामुळे येते."

"आणि एवढीशीच? हे तर खोकल्याचं औषध झालं!"

"जास्त पाहिजे असेल तर गरम पाणी घालायचं. त्याला अमेरिकानो म्हणतात."

पाणी घालायचं! मी मनात म्हटलं, हे घरच्या माणसांपुरतं ठीक आहे. पाहुण्यांना पाणी घातलेलं काही द्यायचं म्हणजे अब्रूच गेली. दुधात पाणी घालणाऱ्या भय्याशी आमच्या सुनंदाचं कसं भांडण होतं, ते अख्ख्या शेलारला पाठ आहे. ही गोष्ट मी तेव्हाच निखिलला बोलून दाखवली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी बोललो नाही.

मग मात्र मला नाद लागला. शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात, म्हणून तो अख्खा दिवस मी कॉफीला देऊ लागलो. आधी पाण्याने तोंड स्वच्छ करायचं. मग लहान घोट, जिभेवर फिरवायचा, लगेच गिळायचा नाही. पहिले काही दिवस मला फक्त कडू लागायचं. मोबाइलवर माणसं सांगायची की हिच्यात चॉकलेट लागतं, संत्रं लागतं, फुलं लागतात. मी म्हणायचो, ही माणसं तरी खोटारडी किंवा माझी जीभ तरी मेली. कारखान्यातले फिटर मुस्तफाचाचा यांनाही एक घोट देऊन बघितला. त्यांनी तो भिंतीपाशी जाऊन अदबीने थुंकला.

"सेठ, मोटर जलने के बाद जो बास आती है ना, वोइच."

"चाचा, थोडा खट्टा भी लगता है क्या?"

"सेठ, आपकी तबियत ठीक है ना?"

आणि मग एका सकाळी ते झालं. कपात नेहमीसारखीच कॉफी होती. घोट घेतला, आधी आवळ्यासारखं किंचित आंबट लागलं, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी, आणि गिळल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, मागून काकवीचा गोडवा आला. साखर नावाला नाही, आणि गोड! मी ओट्याशी तसाच उभा राहिलो. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. इतकी वर्षं याच जिभेने खाल्लं-प्यायलं आणि तिला हे येतं हे मला माहीतच नव्हतं. मी सुनंदाला हाका मारून बोलावलं. ती पिठाच्या हातांनी धावत आली. मी तिला काकवीबद्दल सांगितलं. ती परत कणीक मळायला गेली.

याच सुमाराला मानसीच्या घरचे घर बघायला येणार असं ठरलं. आमच्याकडची पद्धत अशी, की मुलाचं घर बघायला मुलीकडची मोठी माणसं येतात, मुलगी येत नाही. मानसीचे वडील रघुनाथभाऊ आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे मानसीची आत्या, अशी दोघं येणार होती. (मानसीला आई नव्हती, आत्यानेच वाढवलेलं.) होकार-नकार रघुनाथभाऊंच्या हातात होता, आणि रघुनाथभाऊ हा माणूस बोलतच नाही अशी त्यांची ख्याती. पसंत असेल तर 'बरं' म्हणतात. नसेल तर चप्पल घालतात.

"बाबा," निखिल आदल्या दिवशी मला म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरलेला होता. "मानसी म्हणते, तिचे बाबा काहीच बोलत नाहीयेत. त्यांनी नाही म्हटलं तर ती त्यांच्या मनाविरुद्ध येणार नाही. मीही सांगणार नाही यायला. उद्या काय ते उद्याच."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू काळजी करू नकोस. मी आहे ना!"

त्याची काळजी तिथून वाढली असणार.

रविवारी सकाळीच निखिल ठाण्याला मिठाई आणायला गेला. मी म्हणत होतो, भिवंडीत मिठाईची दुकानं बंद पडलीत का? पण त्याला ठाण्याचीच हवी होती. परत येताना कशेळीच्या पुलावर अडकला. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाची वाट बघायची नसते, त्याच्या वाटणीचं झाकून ठेवायचं असतं. इकडे पाहुणे वाडा रोडने, रिकाम्या रस्त्याने, वेळेच्या कितीतरी आधी दारात हजर!

रघुनाथभाऊ उंच, शिडशिडीत, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा. सोफ्याच्या कडेवर असे बसले की आता उठतील. आत्याबाई गोल, हसऱ्या, पण नजर घरभर फिरणारी.

"प्रवास बरा झाला ना?" मी विचारलं.

रघुनाथभाऊंनी मान हलवली.

"पाऊसपाणी कसं यंदा?"

त्यांनी पुन्हा मान हलवली. पहिल्यापेक्षा कमी.

मी स्वयंपाकघरात सटकलो. सुनंदाने चहाचं आधण ठेवलं होतं. मी गॅस बंद केला.

"अहो, काय करताय? पाव्हण्यांना चहा नको?"

"अगं, चहा कोणीही देईल. त्यांच्या मुलीला काय आवडतं ते या घरात आधीपासून आहे, हे त्यांना दिसलं तर? झटक्यात 'बरं' म्हणतील!"

"निखिल येऊ दे. त्याला विचारा."

"निखिल कशेळीला आहे."

ती पोहे भिजवायला वळली. आता प्रश्न मापाचा. निखिलच्या लहानशा कपात तळाशी दोन घोट घालून होणाऱ्या व्याह्यांसमोर ठेवायचे? आमच्याकडे पाहुण्याचा कप बशीत सांडला तर चालतो, पण अर्धा दिला तर तो माणूस मरेपर्यंत काढून दाखवतो. पाणी घालायचं नाही हे तर ठरलेलंच. आणि बटण दाबून धरायचं नाही, नाहीतर कडवट उतरते, हे मी आता जाणकार असल्यामुळे मला माहीत होतं. एखाद्या अडाण्याने कप भरेपर्यंत पाणी सोडलं असतं आणि पाहुणे एका घोटात सुटले असते. पण मी शिकलेला होतो! मी नियमाने काढली. अर्धा मिनिट, गोडवा आला की थांब. गाळणी रिकामी कर, पुन्हा भर, पुन्हा दाब, पुन्हा काढ. अशी एकेक सुंदर, निर्दोष एस्प्रेसो मी काढत गेलो आणि सरबताच्या काचेच्या ग्लासात ओतत गेलो. तिन्ही ग्लास भरेपर्यंत मशीन तापून धापा टाकत होतं आणि पातेलंभर भुगा जमला होता. तिसरा ग्लास माझा. पाहुण्यांना एकटं प्यायला लावणं बरं दिसत नाही.

"हे काय, डांबर?" सुनंदा कुजबुजली.

"वरची साय बघ," मी म्हणालो.

ट्रे बाहेर नेला. आत्याबाईंनी ग्लासात वाकून बघितलं.

"काय हाय ह्यो?"

"काळी कॉफी, आत्याबाई. तुमच्या मानसीची आवडती."

"साखर?"

"साखर घालायची नाही! गोडवा तिचा तिच्यात असतो. शेवटी येतो. काकवीसारखा."

आता त्यांची पंचाईत समजून घ्या. पहिल्यांदा आलेल्या घरात ताटात, कपात काही टाकायचं नाही, ही त्यांचीही रीत. त्यातून लेकीच्या होऊ घातलेल्या सासरी! त्यांना वाटलं, शहराकडची माणसं ही अशीच पितात. मला वाटलं, मुलीमुळे त्यांना ही ठाऊक असेल. जिला ठाऊक होती ती पद्धतीप्रमाणे घरी बसलेली. रघुनाथभाऊंनी ग्लास उचलला, डोळे मिटले आणि काढा प्यावा तसा एका दमात रिकामा केला. आत्याबाईंनी पदराने नाक दाबून पाच-सहा घोटांत संपवला. मला इतकं भरून आलं की मी आग्रह करून आत्याबाईंच्या ग्लासात माझ्यातली थोडी ओतली. आग्रह मोडायचा नाही, हीसुद्धा रीतच. त्यांनी तीही घेतली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. सुनंदाने पोहे आणले. मग माझ्या लक्षात आलं की काचेचं टीपॉय खडखडतंय. मी खाली बघितलं, तर माझा गुडघा टीपॉयच्या पायाला लागून आपोआप हलत होता. मी तो हाताने दाबून धरला. तेव्हा हात हलायला लागला.

"गरम होतंय काय?" आत्याबाई म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता उठल्या. "वैनी, तुमचं सैपाकघर दावा. न्हाय, ऱ्हाऊ द्या, मीच बगते." त्या आत गेल्या आणि आतून डबे हलवल्याचा आवाज यायला लागला. "ही डाळ वर कशाला? डाळ खाली पायजे! हळद कुठं हाय? चटणीच्या शेजारी हळद कोन ठेवतंय?" सुनंदा त्यांच्यामागे धावली. त्यानंतर बराच वेळ मला फक्त डब्यांचा आणि "अहो आत्याबाई, राहू द्या!" असा आवाज येत राहिला.

आणि रघुनाथभाऊ बोलायला लागले.

आधी भाताबद्दल बोलले. मग विहिरीबद्दल. मग अंबाडीच्या नाक्यावर एस्टीचा थांबा कसा चुकीच्या जागी आहे, त्याबद्दल. ते उठले, हॉलमध्ये येरझारा घालायला लागले, आणि त्यांचं बोलणं लूमच्या धोट्यासारखं इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी सोबत येरझारा घालत होतो, कारण मलाही बसवत नव्हतं. मनात म्हटलं, वा! ज्यांचं तोंड उघडत नाही म्हणतात ते बघा कसे मोकळे झालेत. जमलं!

एकाएकी ते माझ्यासमोर थांबले. छातीवर हात ठेवला.

"प्रभाकरशेठ, खरं सांगू? खोटं बोलाया आज जमंना. मी न्हाय म्हणाया आलोय."

माझा गुडघासुद्धा थांबला.

"कसं म्हणायचं याचाच इचार करीत व्हतो. चप्पल घालून निघायचं ठरवलं व्हतं. पोरगा वाईट न्हाय. तुमीबी वाईट न्हाय. पर माझी पोर..." ते पुन्हा चालायला लागले, भराभर. "तिची आय गेली तवापासून सकाळी आमी दोघं चुलीपाशी च्या प्यायचो. रोज. पोर शाळेत जाया लागली, कालेजात गेली, तरी च्या माझ्यासंग. आता ठाण्याला जाते आन्‌ म्हणते, बाबा, मला च्या नको. ते काळं पाणी करते, आन्‌ खिडकीत उभी ऱ्हाऊन एकटी पिते. काय हाय त्यात? मला कळंना. मी एकदा वास घेतला, तर जळकट. म्हटलं, लगीन व्हायच्या आदीच पोर गेली आपल्यातून. तुमच्या घरी आली तर पार जाईल."

मला फार वाईट वाटलं. आणि तोंड तर बंद राहायला तयार नव्हतं.

"रघुनाथभाऊ," मी म्हणालो, "मलाही कळत नव्हतं हो! मी महिनाभर तेच करतोय. पहिली केली ती मटणासारखी लागली. दुसरी विसळवणीसारखी. आमचा फिटर थुंकला. पण मी सोडलं नाही, कारण मला बघायचं होतं की ती पोरगी रोज सकाळी पिते ते आहे तरी काय! आणि आहे हो त्यात! आंबट आहे, कडू आहे, आणि शेवटी..."

इथे फोन वाजला. निखिल. पाठीमागे ट्रकचे हॉर्न.

"बाबा, पुलावर आहे अजून. पाहुणे आले?"

"आले! बोलतायत! दोघंही बोलतायत!"

"तुम्ही एवढ्या जोरात का बोलताय? चहा दिला ना?"

"कॉफी दिली. तुझी एस्प्रेसो. भरून."

"काय भरून?"

"ग्लास."

मागून एक ट्रक त्याच्यावर कर्कश हॉर्न वाजवत होता.

"बाबा," निखिल म्हणाला, "कोणता ग्लास?"

मी सांगितला. मग एकेकाच्या पोटात किती कॉफी गेली, ते त्याने हिशोब करून सांगितलं. मी ताबडतोब गावातल्या डॉक्टरांना फोन लावला आणि एका श्वासात सगळं सांगितलं. डॉक्टर आधी हसले, मग रघुनाथभाऊंचं वय, ब्लडप्रेशर, छातीत दुखतंय का, सगळं विचारलं. दुखत नव्हतं. नुसतं धडधडत होतं. डॉक्टर म्हणाले, पाणी पाजा, पोटभर खायला घाला, आता कॉफीचा थेंब नको, आणि छातीत दुखलं तर लगेच घेऊन या. बाकी उतरेल हळूहळू. मी फोन ठेवला आणि होणाऱ्या व्याह्यांना हात जोडून खरं ते सांगितलं: ही दोन घोट प्यायची असते, तुम्हाला मी पाच-सहा माणसांची पाजली, अर्धा कप देणं बरं दिसेना म्हणून.

रघुनाथभाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशा हलायला लागल्या. मला वाटलं, आता चप्पल. पण ते सोफ्यावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. आतून आत्याबाई आल्या, हातात सुनंदाची मसाल्याची बरणी, आणि "काय झालं, काय झालं" म्हणत कारण न कळताच त्याही हसायला लागल्या. मग आम्ही सगळ्यांनी पोहे खाल्ले, मग पुन्हा पोहे खाल्ले, मग केळी खाल्ली आणि माठ रिकामा केला.

निखिल मिठाई घेऊन पोचला तेव्हा घामाने निथळत होता. त्याने दारातच पाहुण्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

"निखिलराव," रघुनाथभाऊ म्हणाले. त्यांचं बोलणं आता बरंच संथ झालं होतं. "ती खरी कशी असते तेवढी दावा. प्यायची न्हाय मला. निस्ती जिभंला लावतो."

निखिलने लहान कपात काढली. आधी त्यांना पाणी दिलं, तोंड स्वच्छ करायला. रघुनाथभाऊंनी चमच्याच्या टोकाने थेंबभर कॉफी जिभेवर घेतली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. 

"आंबट," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कडू." जीभ टाळूवर फिरवली. त्यांनी डोळे उघडले, खिडकीकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

"शेवटी गोड लागतंय," ते म्हणाले. "पोर खिडकीत उभी ऱ्हाते ती ह्याच्यासाटी व्हय! मला तिनं बोलावलं व्हतं एकदा, बाबा, घोटभर घ्या म्हणून. मीच न्हाय म्हटलं." त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. "उद्या मागून घेतो."

सुनंदाने पदर डोळ्यांना लावला. निखिल जागच्या जागी खांबासारखा उभा. हो म्हणाले की नाही म्हणाले, हेच कोणाला समजेना. शेवटी आत्याबाईंनीच विचारलं, "आरं रघू, मंग काय सांगायचं ह्या लोकांना?"

"माझ्या पोरीच्या आवडीपायी ह्यो माणूस सोताबी मराया निघाला आन्‌ आपल्यालाबी मारीत व्हता," रघुनाथभाऊ म्हणाले. "एवढं कोन करतंय? बरं."

'बरं' म्हणाले! निखिलने मला मिठीच मारली. सुनंदा मिठाईचा बॉक्स उघडायला धावली. एवढ्यात रघुनाथभाऊंनी हात वर केला.

"पर माझी एक अट हाय."

सुनंदाने बॉक्स परत झाकला. लग्नाच्या बोलण्यांत अट हा शब्द आला की मुलाच्या बापाने ताठ बसायचं असतं. मी ताठ बसलो.

"बोला."

"कॉफी निखिलराव करतील, न्हायतर आमची मानसी करंल. तुमी त्या मशीनला हात लावायचा न्हाय."

"मंजूर!" सुनंदा म्हणाली. माझं तोंड उघडायच्या आत! "मंजूर!" निखिल म्हणाला. आत्याबाई तर म्हणाल्या, तसं देवापुढं बोलून घ्या.

लग्न झालं. मानसी घरात आली. रोज सकाळी ती तीन लहान कप काढते, एक तिचा, एक निखिलचा, एक माझा. (रघुनाथभाऊ आले की चौथा.) तेवढा वेळ मी ओट्यापासून हातभर लांब, हात पाठीमागे बांधून उभा असतो. बाकी आमच्या घरात आजही माझाच शब्द शेवटचा असतो. तो शब्द आहे, "झाली का गं?"